मित्रकिडीचा रकाना

दर मंगळवारी मी झिबलकाकांच्या वावरात जाते,
दव सुकायच्या आत.
वीस पराट्या, तिरक्या चालीनं,
प्रत्येकीची तीन पानं: शेंड्याचं, मधलं, बुडाचं.
पान तोडायचं नाही, नुसतं उलटायचं,
झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसं.
नाहीतर तुडतुडे तिरपे पळतात
आणि आकडा खोटा पडतो.

रजिस्टरात किडींचे रकाने रुंद आहेत.
मित्रकिडीचा एकच, शेवटी,
शिलाईत अर्धा गेलेला.

"हे पाय वो माय, कसं काटेरी,
मगरीच्या पिल्लावानी," म्हणत काकूंनी ते चिमटीत धरलं.
थांबा, मी म्हटलं.
हे ढालकिड्याचं लेकरू. दिसायला ओंगळ,
पण दिवसभर मावाच खातं.
काकूंनी ते परत पानावर ठेवलं
आणि बोट लुगड्याला पुसलं,
तरी.

'कामगंध' हा शब्द मला गावात म्हणवत नाही,
पारावर माणसं बसलेली असतात.
मी म्हणते, वासाचा सापळा.
रबराच्या एका गोळीत मादी असते, म्हणजे नसते,
आणि रात्री नर येतात, पिशवीत पडतात.
सकाळी मी गाठ सोडते,
राखेसारखे पंख मोजते.
तीन. चार. परत तीन.
आठ नाहीत.
आणि आठसुद्धा लागोपाठ तीन रात्री लागतात.

"शेजारच्यानं मारलं बाप्पा," काका म्हणतात,
"आपुनच काऊन उगे?"
पंप धुऱ्यावर उभा, नोझल माझ्याकडे.
उगं राहणं हेही काम आहे,
पण त्याची मजुरी कुठल्या रकान्यात लिहू?
मी निंबोळ्यांची आठवण देते.
उन्हाळ्यात पोरींनी वेचलेल्या, पोत्यात आहेत.
रात्री भिजतात, सकाळी फडक्यातून गळतात,
घरभर कडू वास,
त्या दिवशीचा चहासुद्धा कडू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं पहाटेच
पळसाच्या फांद्या घेऊन शिवेकडे ओरडत गेली,
घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडलेय लहानपणी, घसा बसेस्तोवर.
यंदा दारात उभी राहून मनात म्हटलं,
सगळे नको गं नेऊस.
पाठीवर सात ठिपके आहेत तो ठेव.
केसाएवढ्या दांडीवर अंडं टांगते
ती हिरवी माशी ठेव.
धुऱ्यावरचा कोळी ठेव, त्याचं जाळं अजून ओलं आहे.
थोडा मावासुद्धा ठेव,
नाहीतर हे खातील काय?

नवरात्रात सापळ्यात नऊ निघाले.
दुसऱ्या दिवशी अकरा.
तिसऱ्या दिवशी बारा, आणि फुलं
उमलायचं विसरल्यासारखी मिटलेली,
डोमकळ्या.
वीस बोंडं फोडली. तिघांत गुलाबी अळी,
सरकीत तोंड खुपसून.
मी म्हटलं, काका, आता मारा.
ते बघतच राहिले.
"तूच म्हनतं?"
मीच म्हणते.
एकच औषध, दोन मिसळायची नाहीत.
वारा पाठीकडून. तोंडाला फडकं नाही, मास्क.
आणि संध्याकाळी,
मधमाश्या घरी गेल्यावर.
धुऱ्यावर बसून पंपाचा आवाज ऐकत राहिले.
कोळ्याच्या जाळ्याकडे बघितलं नाही.

जानेवारीत काकांनी फरदड ठेवली नाही.
मेंढ्या आत सोडल्या,
उरलीसुरली किडकी बोंडं त्यांनी कुरतडून साफ केली.
मग पराट्या उपटल्या, वावर उघडं पडलं.
आता मोजायला काय येऊ, मी म्हणत होते,
तेवढ्यात काकू आल्या
करडईच्या तासातून, हात पुढे धरून, सावकाश,
जसा काठोकाठ भरलेला पेला आणावा.
बोटावर सात ठिपके चालत होते.
"याले लिव," म्हणाल्या.
रकान्यात जागा नव्हती.
मी समासात लिहिलं.