सातवा ताव

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
माझं काम एवढंच: चूक दिसली पाहिजे.
समोर दहाच्या नोटांचे न कापलेले ताव,
आकडा, रेघ, शाईचा ठिपका,
बोट पुढे, नजर बोटाच्या अर्धी वीत पुढे.
घरी आमटीत मीठ विसरायचे.
तिथे कधीच काही नाही.

रिटायर व्हायच्या आदल्या मार्चमध्ये
दिघोळे साहेबांनी चहाचा कप उचलला
आणि त्यांच्या नव्या घड्याळाचा कवडसा
छतावर उडाला.
झालं ते इतकंच.

मी बघायचं ठरवलं नव्हतं.
ठरवणारी मी पोचायच्या आतच
डोळे वर जाऊन बसले होते,
बेल वाजली की पोरं दाराकडे धावतात तसे,
कोण आलंय याच्याशी काही घेणंदेणं नसताना.
गोदेकाठच्या गवतात हललं काही
की आधी मान वळवणारी
कुणी एक बाई असणार फार पूर्वी.
साप की वारा, ते नंतर.
ती वाचली. तिची मान माझ्याकडे आली.

परतले तेव्हा ताव तोच होता की पुढचा?
हात थांबलेच नव्हते.
इमानी हात, ठार आंधळे.
मागचे सहा काढून पुन्हा पाहिले.
सातवा ढकलगाडीवरून गेला होता.
वत्सला लोणारी म्हणाली,
"पुढे अजून दोघी बघतात गं."
बघतात.
त्यांच्याही छतावर काहीतरी उडत असेलच.

आता देवळालीगावच्या बाजारात
सुटे मिळाले की दहाची नोट उजेडाला धरते.
मेथीवाला वैतागतो, "मावशी, खरी आहे!"
खरी आहे रे.
मी चुकलेली शोधतेय.

परवाही तशीच धरली होती,
तेवढ्यात नोटेवरून काही सर्रकन गेलं
आणि नजर सुटली.
या वेळी मीही तिच्या मागोमाग गेले.

पलीकडे मिसळीच्या गाड्यावर
एक पोरगा स्टीलचं ताट पुसत होता,
कडेकडेनं, फिरवून फिरवून.
एक डाग राहिला होता.
मला वाटलं, ओरडून सांगावं.
त्याला दिसला.

नोट मुठीत घामेजली होती.
घरी येऊन डब्यात टाकली,
बघायची राहिली.