राव, चुकलें

सांत इनेजच्या त्या दुकानात मी शिरलो तो पंख्यासाठी,
कपॅसिटर मिळेल का, विचारायला.
पोरगा म्हणाला, अंकल, इथं फक्त रेकॉर्ड्‌स.
तेवढ्यात मागं सुई खाली आली
आणि माझ्या हातातली पिशवी
होती तिथंच राहिली, अर्धी खांद्यावर.

वास्कोत, स्टेशनासमोर, माझं दुकान होतं तेव्हा.
रेडिओ, टेप, वेळ पडली तर मिक्सरसुद्धा.
बोस्त्यांव जहाजावरून उतरला की आधी माझ्याकडं.
सत्त्याऐंशी साली फ्रीमँटलहून आणलेली कॅसेट
यंत्रात गुंतून बसलेली. पेन्सिलीनं, चिमट्यानं सोडवली.
कव्हर नव्हतं. पट्टीवर त्याच्याच अक्षरात, रोमीत:
ऑस्ट्रेलियाचें. बरें.
एवढंच नाव, छत्तीस वर्षं.

बरंच होतं.
गिटार असं, की कुणी पत्र्यावरून मीठ ओढतंय.
गाणारा शब्द गिळायचा, आम्ही उरलेले चघळायचो.
खनिजाच्या बार्जा मुरगावकडं जायच्या,
काउंटरच्या काचेवर तांबडी धूळ,
आणि आम्हांला वाटायचं, या लोकांकडंही
अशीच धूळ असणार,
एरवी आवाज इतका कोरडा कशाला येईल?

तिसऱ्या गाण्यात, गाणारा श्वास घेतो तिथं,
बोस्त्यांवची आई.
घरी कुणाचं तरी बोट तांबड्या बटणावर पडलं होतं
आणि ती नोटा मोजत होती, पोरानं आणलेल्या:
सतरा, अठरा, एकुणीस... राव, चुकलें.
अकरा सेकंद. मग गाणं परत, मधूनच,
काही न झाल्यासारखं.
पुसून टाकू का म्हटलं, तर हसला.
पुसलेलंच आहे ते, म्हणाला.

पोरानं कव्हर हातात दिलं. टिन व्हरांडा, बँडचं नाव.
तेव्हा चारशेसुद्धा खपली नव्हती, अंकल.
आता परत काढलीय, मूळ टेपवरून, धुऊनपुसून.
फोटोत चौघं, पत्र्याच्या शेडपुढं, डोळे बारीक करून.
ड्रम्समागं एक बाई. मला इतकी वर्षं
तिथं दाढीवाला दिसत होता.
आत बारीक अक्षरात: दोन वर्षांत बँड मोडला.
गाणारा आता फ्रिज दुरुस्त करतो.
हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

तिसरं गाणं.
मी काउंटरची कड धरली.
सतरा यायला हवं तिथं
ती बाई आली.
एकटी. गिटार थांबलेलं,
नुसते तिचे हात, अंधारात जिना उतरावा तसे,
आणि शेवटच्या पायरीला एक ठोका
चक्क चुकलेला. तसाच ठेवलेला.

मी यंत्र जाणतो. पुसणारं हेड आधी असतं,
लिहिणारं मागून. खाली काही उरत नाही.
मग हे कुठं होतं, मी दुकान उघडत होतो,
बंद करत होतो, शेवटी विकलं,
तेव्हा?

तीन हजार दोनशे रुपये. माझ्याकडं रेकॉर्ड प्लेअर नाही.
पंख्याचं राहिलंच.

रात्री बोस्त्यांवला फोन लावला. तो स्विंडनला,
गोदामाच्या पाळीवर निघालेला. मांगोरचं घर बंद,
आई जाऊन बारा वर्षं.
पोराकडून मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं, तेवढंच ऐकवलं.
तो गप्प. त्याच्याकडं बस थांबल्याचा आवाज.
मग म्हणाला, हें तें न्हय, शाणू.
म्हटलं, हेच. हेच होतं तिथं, आधीपासून.
न्हय रे, म्हणाला.
आणि बस सोडली वाटतं, कारण म्हणाला,
परत लाव.

फाटकावरून कोळशाची गाडी जात होती.
मी खिडकी लावून घेतली
आणि परत लावलं.