सोहारची मोजणी

डबी अजून कोमट असते.
काउंटरवर ठेवून माणूस भिंतीकडे बघतो.
भिंतीवर खजुरांचा तक्ता आहे: खलास, फर्द, खसाब, नघाल.
जिल्ह्यातल्या निम्म्या पुरुषांना तो पाठ असणार.

मी वेळ लिहिते. नाव लिहिते.
बायकोपासून किती दिवस लांब, ते विचारते.
फॉर्मवर दोन ते सात एवढीच जागा.
"अकरा महिने, मॅडम."
मग दोघंही खाली बघतो.

बाहेर एकेचाळीस. आत एसी बावीसवर,
म्हणून शरीराचे सदतीस अंश
पेटीत विजेवर बनवावे लागतात.
अर्धा तास. घट्ट असतं ते सैल होतं.
मग एक थेंब, काच, चौकोन.

एकोणीस वर्षं हे चौकोन मोजतेय.
आईला सांगितलंय, रक्त तपासते.

तीन रकाने:
पुढे जाणारे,
जागच्या जागी वळवळणारे,
न हलणारे.
पहिल्या वर्षी मी त्यांत आमच्या बिल्डिंगमधली माणसं बसवायचे
आणि एकटीच हसायचे.
आता माझाही पत्ता दुसऱ्या रकान्यातला.

अन्वर मुकादम, दाभोळचा, अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर.
दोन हजार अकरा: अठ्ठेचाळीस दशलक्ष.
सोळा: एकतीस.
आज: चौदा.
तिन्ही कागद पत्त्यांसारखे हातात धरून विचारतो,
"माणूस तोच आहे ना, मॅडम?"

मी सांगते, आज दिसतंय ते आजचं नाही,
त्याची सुरुवात अडीच महिन्यांपूर्वीची.
तो बोटांवर मागे जातो. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै.
जुलैत कॅम्पचा एसी बंद होता आठवडाभर,
ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपायचे सगळे.
"म्हणजे हा जुलै आहे," तो म्हणतो. "मी नाही."

कपाटात जुनी वही आहे, कुरुविलाची,
माझ्या आधी तो मोजायचा.
साठ. सत्तर. नव्वद. पुन्हा सत्तर.
सगळे आकडे शून्याने संपणारे.
तेव्हाचे पुरुष भरलेले होते
की कुरुविलाला घरी जायची घाई असायची?
एकदा दुपारी मी त्याच्या पद्धतीने मोजून बघितलं, भराभर,
आणि माझ्याही थेंबात माणसं वाढली.
माझा चष्मा तीनदा बदललाय,
तेही कुठल्या रकान्यात लिहायचं कळत नाही.

तरी उतरतंय. दर वर्षीचं पान थोडं अधिक मोकळं.
डॉक्टरीणबाई म्हणतात प्लास्टिक, कुणी म्हणतं धूर, बसून राहणं, सिगारेट.
भट्टीचा फोरमन म्हणतो, नजर.
मी काही म्हणत नाही, मला मोजायचे पैसे मिळतात.

अन्वर सुट्टीवर गेला. फेब्रुवारीत परतला,
डबीसोबत घरच्या आमसुलांची पुडी.
एकोणीस.
जुन्या पुस्तकात वीसच्या खाली कमी लिहायचो.
मग नवं आलं, रेघ पंधरावर आली,
त्याहून नवं आलं, सोळावर.
"पूर्वी असतास तर कमी," मी म्हणाले, "आता बरा आहेस."
"आणि बायकोला काय सांगू? कुठलं पुस्तक?"

उत्तर टाळायला खिडकीकडे वळले.
मागच्या बागेत खल्फान माडासारखा सरळ खजूर चढत होता,
कमरेला दोर, दातांत नराच्या काड्या.
मादीचा गुच्छ उघडून पाच-सहा काड्या उलट्या खोचल्या,
पातीने बांधलं, उतरला.
जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, कसं आहे यंदा.
"हलकं. फुंकर मारली तरी धूळ उडत नाही.
बापाच्या वेळी एका तुऱ्यात वीस झाडं व्हायची."
"तो मोजायचा?"
"छे," खल्फानने हात झटकले,
पिवळं काहीतरी उडालं, माझ्या पांढऱ्या कोटावर बसलं,
"तो सांगायचा."