गुरुवारचा कप्पा

मर्ल हॉफस्टेटर रोज सकाळी
पँट चढवण्याआधी ठरवतो, आज कोण.

सिगारच्या लाकडी खोक्यात अकरा जणी निजलेल्या,
जुन्या बनियनच्या चिंध्यांत:
एक बेल्जियमची, शिंपल्याच्या मुठीची,
एक स्पेनमधली नक्कल, जिच्यावर
नाव कोरतानाच कारागीर एक अक्षर विसरला,
एक निकेलची, ओहायोतल्याच कुठल्याशा लिलावात
शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांखाली सापडलेली.
सगळ्या तळहातात मावणाऱ्या. पंचवीसच्या, बत्तीसच्या.
दुकानदार चिडवतात: मर्ल,
याने चोर मरायचा नाही, फार तर रुसेल.
मर्लही हसतो. चोराचा विचार
त्याने तेवढा केलेलाच नाही.
तो विचार करतो त्या गोलाईचा,
शंभर वर्षांपूर्वी कुणी कानशीने घासून आणलेल्या,
जी डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळते.

चाळीस वर्षं त्याने गल्ल्याच्या यंत्रांचे दाते कापले.
केसभर चूक झाली तर रात्री झोप नाही.

खिशासाठी चामड्याची पिशवी त्याने स्वतः शिवली,
बघणाऱ्याला पाकीट वाटावं अशी.
चर्चमध्ये नेत नाही. बँकेत नाही.
न्हाव्याकडे, किराण्याला,
आयोनाच्या थडग्याभोवतीचं गवत काढायला: नेतो.
कडांवरचा निळा रंग उडालाय, खाली रुपेरी पोलाद.
"हे माझ्या खिशाने नाही केलेलं," तो सांगतो,
"आधीच्या कुणाच्या तरी. उजवा खिसा.
माणूस डावरा नव्हता,
एवढंच कळतं त्याच्याबद्दल."

मग बोटं थरथरायला लागली.
लहान पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा हट्टी,
हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं.
स्लाइड निसटायची, अंगठ्याची कातडी धरायची.
तेव्हा त्याने बारावी आणली:
खटका दाबला की नळी आपणहून मान वर करते,
गोळी नुसती ठेवायची, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.
विकणारी म्हणाली, ही बायकांसाठी काढली होती,
हातात जोर नसणाऱ्यांसाठी.
मर्लने पैसे मोजले. परत मोजले.

रात्री ती रिकामी करायची.
सात गोळ्या खिडकीच्या फळीवर ओळीने,
शेजारी डॉक्टरच्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक अर्धी निळी,
आणि पेपरमिंटच्या, नातीसाठी,
नात एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी.
मी ज्या भाषेत हे लिहितोय
तिच्यात या तिन्हींना एकच शब्द आहे.
मर्लला ते माहीत नाही.

मंगळवारी मोजल्या तर सहा.
सोफ्याखाली पाहिलं, कुत्र्याच्या अंथरुणात,
वॉशिंग मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून.
"एकच तर गोळी," टेसा म्हणाली.
तो तिच्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा.
मग हळूच: "एकच तर लागते."

गुरुवारी सकाळी तिने औषधांची डबी उघडली.
गुरुवारच्या कप्प्यात, पांढऱ्या दोघींच्या मध्ये,
पितळेची, आडवी, झाकणाला जेमतेम टेकलेली.

टेसा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
ती काही बोलली नाही, फक्त तळहात पुढे केला.
मर्लने पाहिलं, हसला,
हसू तोंडावर जरा जास्तच वेळ राहिलं.

दुपारी त्याने बाराजणी टेबलावर मांडल्या.
आधी रिकामी आहे का बघ. मग पुन्हा बघ.
मग ही पिन, तिथून नाही, खालून.
तिची बोटं थरथरत नव्हती.
तिने वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं,
कुठली, कुणाकडून, केवढ्याला,
पुढच्या पानांवर हृदयाचे चार कप्पे काढलेले.

खोकं ती घेऊन गेली. पिशवी राहिली.

शुक्रवारी न्हाव्याकडे निघताना
त्याने पिशवीत पेपरमिंटची डबी घातली.
पँट एका अंगाला नीट पडेना.
तो गॅरेजमध्ये गेला, डब्यातून वॉशर काढले,
एक टाकला, चालून पाहिलं,
दुसरा टाकला,
तिसरा काढून परत ठेवला.