बुधवारचा भाव

ज्या गावात नोटा छापतात
त्या गावात मला माझ्या चित्राचा भाव सांगता येईना.

दोन वर्षं लिनो कोरत होते सातपूरच्या मागच्या खोलीत.
पलीकडच्या वर्कशॉपात पॉवर प्रेस आदळली
की हात हलायचा, रेघ सुटायची.
सुटलेली रेघ मी तशीच ठेवायचे.
ठसे वाळायचे कपड्यांच्या दोरीवर, चिमट्याला,
पप्पांच्या बनियनांना खेटून.

कॉलेज रोडच्या गॅलरीत चहा मिळाला.
छान आहे, म्हणाले, पण लहान आहे हो,
सोफ्याच्या वर काय लावतील लोक?
मी सोफ्याचा विचारच केला नव्हता.
आत्याच्या जावेनं दोन नेले, आठवण म्हणून,
आणि फ्रेमवाल्याला मात्र रोख मोजले
साडेचारशे.

मग एका बुधवारी गोदाकाठी,
आठवडे बाजारात, सतरंजी अंथरली.
एका हाताला लसूणवाला,
दुसऱ्या हाताला चांगुणाबाई, सुपं आणि टोपल्या घेऊन.
"कागद विकतीस? बस की.
माझ्या सुपावर सावली नको पाडू, एवढंच."

पहिलं गिऱ्हाईक वाकलं, विचारलं, केवढ्याला?
मी म्हणाले, बघा ना, तुम्हाला जे वाटेल ते.
त्यांना काहीच वाटलं नाही.

चांगुणाबाईनं बांबूची कामटी दातात धरली होती,
ती काढून बोलली,
"जे वाटेल ते देवळात टाकतात, बाई.
हितं आकडा बोलायचा.
बांबू कितीला पडला, दिवस किती मोडले,
नखात किती कुसळं गेली, समदं धरायचं त्यात.
आन् आकडा सांगून झाला की गप बसायचं.
त्याच्यापुढं बोलती ती सोताचाच भाव खाती."

बिघडलेल्या एका ठशाच्या पाठीवर
हिशेब मांडला. कागद. शाई. भद्रकालीतून आणलेली पाती.
तासांपुढे काय लिहावं कळेना,
ती जागा कोरी सोडली
आणि खाली लिहिलं, तीनशे.
लिहिताना कुणी बघत नाही ना, हे बघितलं.

उन्हं कलल्यावर एक गृहस्थ थबकले,
कांद्याची पिशवी, कोपरापर्यंत ग्रीस.
"ही दूधबाजारातली पंक्चरची गाडी ना?
ही खुर्ची माझी आहे. हा बघा, पाय बांधलेला. ट्यूबनं."
नाव सांगितलं, नजीर.
केवढ्याला?
तीनशे,
आणि मी गप बसले.

पाण्यावरनं घंटा आली.
लसूणवाल्यानं दोन किलो तोलला, तिसरा तोलला.
मला म्हणावंसं वाटत होतं, अडीचशे द्या,
दोनशे द्या, नेलंत तरी चालेल,
जीभ दाताखाली दाबून धरली.
चांगुणाबाई माझ्याकडे बघतही नव्हती, म्हणजे बघत होती.

त्यांनी हात सदऱ्याला पुसले.
शंभराची एक, पन्नासच्या तीन, बाकी दहाच्या, मळक्या.
मग ठसा डोळ्यांजवळ नेला.
"खाली नाव दिसत नाही."
होतं, पण इतकं पुसट, माफी मागितल्यासारखं.
"ठळक लिहा की.
दुकानात लावणार, लोक विचारतील कुणी काढलं."
दाबून लिहायला गेले, शिसं मोडलं.
चांगुणाबाईनं बांबू तासायच्या कोयत्यानं
पेन्सिलीला टोक काढून दिलं.

जाताना एक सूप घेतलं तिच्याकडून.
तिनं आकडा सांगितला आणि गप बसली.

रात्री पप्पांसमोर नोटा ठेवल्या.
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस,
एकेक नोट ट्यूबलाइटला धरून पाहिली, सवयीनं.
मग दुसरा ठसा तसाच उजेडाला धरला.
कोपऱ्यात चार भागिले वीस.
"म्हणजे वीसच छापणार?"
वीसच.
"नंतर नाही?"
नाही. लिनो कापून टाकायचा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"मग तीनशे कमी सांगितलेस," म्हणाले,
आणि उठून दोरीवरची आपली बनियनं
काढून घेतली.