तळमजला

लॅब दुसऱ्या मजल्यावर. बेचाळीस पायऱ्या.
किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मोजलेल्या.
पहिला आठवडा तिला खुर्चीसकट उचललं:
मी, शिपाई बिरू, वर्गातली दोन पोरं.
वळणावर चाक भिंतीला घासायचं,
ती डोळे मिटून घ्यायची.
आम्हाला वाटायचं, भीतीनं.

सोमवारी म्हणाली,
"सर, माझं वजन अडतीस किलो. खुर्चीचं चौदा.
कॉम्प्युटरचं किती?"

तेवीस वर्षं ती यंत्रं पुसली,
कधी तोलली नव्हती.

अल्फिया सतारमेकर, मिरजेची.
वडापवाला खुर्ची टपाला बांधून
सांगलीला आणायचा, तिचे वेगळे पैसे लावून.

खाली खेळाच्या सामानाची खोली.
हवा गेलेले व्हॉलीबॉल,
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराची मातकट रेघ.
प्राचार्यांनी रेघेवर बोट ठेवलं:
"लॅब वर नेली ती उगीच नाही. परत पाणी आलं तर?"
ती म्हणाली, "तर उचला की यंत्रं.
उचलायची सवय आहेच तुम्हाला."
बिरू हसला. मग साहेबही,
जरा उशिरानं.

तिची बोटं सरळ होत नाहीत.
अब्बांनी सतारीच्या खुंटीसारखी
शिसवीची कांडी कातून दिली,
मुठीत बसेल अशी, टोकाला रबर.
टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.
इतरांचा प्रोग्राम तीन पानं,
तिचा अकरा ओळी.
अक्षर महाग पडलं की
माणूस फापटपसारा लिहीत नाही.

पुण्याच्या कंपनीनं पडद्यावरून विचारलं,
"टायपिंगचा स्पीड काय?"
"कमी," ती म्हणाली. "चुका पण."
आता घरूनच काम करते,
बाहेर अब्बांचं तासकाम, आत तिची टकटक.

यंदा आयर्विनखाली पाणी चाळीस फुटांवर गेलं.
रात्री आम्ही सातही यंत्रं वर नेली.
वळणावर एकाची कड भिंतीला घासली,
आणि मी डोळे मिटून घेतले.

बिरू म्हणाला, "काय झालं सर?"
काही नाही, म्हटलं. चल.

पाणी उतरलं. खोलीत अजून गाळाचा वास.
तासगावचा एक पोरगा कुबड्या भिंतीला टेकवून
सकाळपासून दारात बसलाय,
यंत्रं खाली कधी येणार, विचारतोय.