पाऊणकी

पावकी, निमकी, पाऊणकी मला आजोबांनी शिकवली
दौलतगंजातल्या ओट्यावर, चुकलं की कान पिळून.
पुढे कंपूच्या सरकारी शाळेत सव्वीस वर्षं
मी सहावीला अपूर्णांक शिकवले, हिंदीतून,
पण डोक्यातला हिशेब मराठीतच चालू राहिला:
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड.

म्हणून पेन्शनचा तो कागद
बँकेच्या पासबुकातून खाली पडला, मी उचलला,
आणि नजर आकड्यावर अडली.
चार हजार पन्नास.
इथे निमकी लावलीय, मी म्हटलं. लावायची होती पाऊणकी.
ह्यांनी विचारलं, काय?
ह्यांच्या प्रत्येक 'काय'ला उत्तर द्यायचं नसतं.
डावा कान तोपखान्यानं ठेवून घेतलाय.

हवालदार मुकुंद शितोळे.
गुडघा, तीस टक्के: बर्फावर तोफेचं चाक घसरलं.
कान, पंचवीस.
तीस नि पंचवीस पंचावन्न, तुम्ही म्हणाल.
मेडिकल बोर्ड म्हणालं, पन्नास.
शरीरात बेरीज अशीच होते म्हणे,
एक दुखणं दुसऱ्यात थोडं मुरतं.
हे मी मानलं.
वर्गात कुणी असं गणित सोडवलं असतं तर भोपळा दिला असता.

पण नियमात स्पष्ट आहे, पन्नास भरले की पंचाहत्तर धरा.
ऑफिसनं कळवलं, ते त्यांच्यासाठी
ज्यांना जखमेनं मुदतीआधी घरी धाडलं.
तुम्ही मुदत पुरी केलीत.
म्हणजे सात वर्षं लंगडत ड्यूटी केली,
चूक तिथे झाली.

मुरारला भदौरिया वकिलांच्या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या.
ह्यांच्या गुडघ्यानं त्या दर तारखेला मोजल्या,
कधी अठ्ठावीस आल्या, कधी चाळीस.
खालचा टायपिंगवाला पोरगा म्हणायचा,
अंकलजी, चढू नका, काय झालं ते मीच सांगतो.
काहीच झालेलं नसायचं.
एका जानेवारीत धुक्यानं जबलपूरची गाडी नऊ तास रखडली.
पोचलो तर सरकारी वकिलांनी मुदत मागून घेतलेली.
त्यांना मुदत मिळते.
फलाटावर बसून आम्ही दोघांनी
वकिलांसाठी नेलेली गजक संपवली.

रात्री मी फरक काढला. महागाई भत्ता बाजूला ठेवून
महिन्याला दोन हजार पंचवीस:
पंचेचाळिसाचा वर्ग!
तीन वर्षांचे बहात्तर हजार नऊशे:
दोनशे सत्तरचा!
ह्यांना हलवून उठवलं, बघा, किती नेटका आकडा.
हे म्हणाले, गोळा पडला का?
आणि कुशीवर वळले, चांगल्या कानावर,
म्हणजे आता सकाळपर्यंत फौज ह्यांना सापडणार नव्हती.

चौथ्या वर्षी निकाल आला.
पंचाहत्तर धरा.
थकबाकी खटल्याच्या काळाची, आणि अर्जामागची तीनच वर्षं.
त्याआधीची नऊ?
उशिरा आलात, असं लिहिलंय, जरा बऱ्या शब्दांत.
नऊ वर्षं त्या पासबुकात तो कागद होता,
आणि मी रोज चाळीस पोरांच्या वह्या तपासत होते.
हे कुणी मला विचारलं नाही. मीच विचारते.

पान चार, परिच्छेद अकरा: 'उजव्या कानाचे बहिरेपण'.
मी चष्मा पुसून परत वाचलं.
उजवाच.
लगेच दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला,
महोदय, सविनय, वगैरे.
हे म्हणाले, राहू दे गं, एक कान तर त्यांनी मानला.
मग खुर्ची सरकवत सरकवत फिरवली,
उजवा कान माझ्याकडे केला,
बोल काय बोलायचंय ते, म्हणाले,
सरकारी कागदावर हा ठार बहिरा आहे,
तोवर ऐकून घेतो.

मी पेन खाली ठेवलं नाही.
पण एवढ्या वर्षांचं बोलायचं म्हटल्यावर
कुठून सुरू करायचं ते सुचेना,
तर पाऊणकीच म्हटली, मोठ्यानं,
दहा पाऊण साडेसातपर्यंत.